अम्लानमाला : सुकविलेल्या फुलांचा इतिहास

दमयंतीच्या स्वयंवराची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. मंडपांत एकासारखे एक असे पांच नल बसलेले. त्यांतील चार म्हणजे इंद्र, अग्नि, वरुण आणि यम. पांचवा मात्र खरा. दमयंतीनें तो ओळखावा कसा? महाभारतकार सांगतात, कीं देवांच्या अंगावर घाम नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, त्यांची सावली पडत नव्हती, त्यांचे पाय भूमीस टेकले नव्हते. आणि त्यांच्या गळ्यांतील माळा जशाच्या तशा टवटवीत होत्या. एकाच्याच गळ्यांतील फुलें कोमेजूं लागलीं होतीं. तोच माणूस. दमयंतीनें त्यालाच वरिलें.

न सुकणारी माळ ही देवाची खूण आणि सुकणारी माळ ही माणसाची, असा या कथेंतील संकेत आहे. परंतु माणसाला आपली ही खूण मनापासून कधींच मानवली नाहीं. बागेंतील फूल टिकत नाहीं हें ठाऊक असून तें टिकवावें, निदान त्याचा आकार, त्याचा रंग, नाहीं तर त्याचा गंध तरी मागें राहावा, म्हणून देशोदेशींच्या माणसांनीं किती परींनीं खटपट केली, हें पाहूं लागलें म्हणजे एक मोठा मनोरंजक इतिहास डोळ्यांपुढें उभा राहतो. या इतिहासांत राजे आहेत, वैद्य आहेत, चित्रकार आहेत. पण त्यांहून अधिक आहेत त्या घरांतल्या साध्या स्त्रिया. आज त्याच इतिहासाचीं कांहीं पानें आपणांपुढें उलगडावीं, असा विचार आहे.

प्रथम अडचण कोणती तें ध्यानांत घेऊं. ताज्या फुलाच्या वजनांत बहुतेक भाग पाण्याचाच असतो. या पाण्याच्या भरावर पाकळी ताठ उभी राहते. तें पाणी निघून जाऊं लागलें, कीं पाकळी आपल्याच भारानें खालीं लवते, सुरकुतते आणि चुरगळते. सुकण्यास फार वेळ लागला तर बुरशी धरते. उजेडांत सुकली तर रंग उडतो. म्हणजे फूल राखूं पाहणाऱ्याचे शत्रु तीन : ओल, उजेड आणि फुलाचा स्वतःचा भार. यांना चुकविण्याच्या वाटाहि मुख्यतः तीनच निघाल्या. जुडी बांधून, देंठ वर व तोंड खालीं करून तीं अंधाऱ्या हवेशीर जागीं टांगावयाचीं, ही पहिली. कागदांत दाबावयाचीं, ही दुसरी. आणि कोरड्या वाळूंत पुरावयाचीं, ही तिसरी. परंतु या तिन्ही वाटा सांपडण्याच्या पुष्कळ आधीं निसर्गानेंच एका देशांत हें काम आपण होऊन करून ठेविलें होतें. तो देश म्हणजे इजिप्त.

१९२२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत हॉवर्ड कार्टर या इंग्रज संशोधकाला राजांच्या खोऱ्यांत तुतानखामेनचें थडगें सांपडलें, ही वार्ता त्या काळीं साऱ्या जगांत दुमदुमली. पुढें १९२४ च्या फेब्रुवारींत दगडी पेटीचें जड झांकण उचलण्यांत आलें. आंत माणसाच्या आकाराची, सोन्याच्या पत्र्यानें मढविलेली शवपेटी होती, आणि तिच्या कपाळावरील गिधाड व नाग या राजचिन्हांभोंवतीं एक लहानसा फुलांचा वेढा घातलेला होता. ऑलिव्हचीं पानें आणि गव्हाच्या शेतांत उगवणारीं निळीं कॉर्नफ्लॉवरचीं फुलें, एवढीच ती सामग्री. फुलें अर्थात् सुकलेलीं होतीं; पण त्यांच्यावर रंगाची किंचित् छटा अजून उरली होती. त्या थडग्यांतील अमाप सुवर्ण पाहिल्यावरहि कार्टरच्या मनाला जें सर्वांत अधिक जाऊन भिडलें, तें हें फुलांचें कडें. राजाच्या तरुण विधवेनें अखेरचा निरोप देतांना तें वाहिलें असावें, अशी कल्पना त्यानें केली. ती खरी असो वा नसो. सुमारें तेहतीसशें वर्षांपूर्वीं कोणीतरी हातानें गुंफलेली माळ त्या कोरड्या अंधारांत जशी ठेविली तशी राहिली होती, एवढें निश्चित.

या फुलांनीं आणखी एक काम केलें. सर्वांत आंतील शवपेटीवर फुलांची व फळांची एक रुंद हंसळी घातलेली आढळली. पर्सी न्यूबेरी या वनस्पति-अभ्यासकानें तींतील एकेक फूल व फळ ओळखलें. तीं कोणत्या दिवसांत येतात हें पाहिलें. आणि राजाला मूठमाती मिळाली ती मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरपर्यंतच्या काळांत, असा निर्णय दिला. शिलालेखांनीं जी गोष्ट सांगितली नव्हती, ती सुकलेल्या फुलांनीं सांगितली. याच न्यूबेरीनें त्याआधीं तरुणपणीं, १८८८ सालीं फ्लिंडर्स पेट्री यांनीं हवारा येथें उकरून काढलेल्या रोमन काळांतील थडग्यांतल्या माळाहि तपासल्या होत्या. त्यांत गुलाब होते, आणि पिवळ्या, कागदासारख्या कोरड्या पाकळ्यांचीं अमरपुष्पेंहि होतीं. हा शेवटचा प्रकार ध्यानांत ठेवावयाचा. कारण पुढें त्याची आपणांस पुन्हां गांठ पडणार आहे.

इजिप्तच्या वाळवंटांत जें हवेनें साधलें तें इतरत्र साधण्यासाठीं माणसाला मूळचींच न सुकणारीं फुलें शोधावीं लागलीं. कांहीं फुलांत रंगीत भाग असतो तो कोमल पाकळ्यांचा नसून कोरड्या खवल्यांचा असतो. अशा फुलांत पाणी मुळांतच थोडें. त्यामुळें वाळल्यावरहि त्यांचें रूप फारसें पालटत नाहीं. ग्रीक लोकांनीं अशा एका फुलाला ‘अमारांतोस’, म्हणजे न कोमेजणारा, असें नांव दिलें. रोमन पंडित प्लिनी सांगतो, कीं हें फूल तोडून वाळल्यावरहि पाण्यानें ओलें केलें म्हणजे पुन्हां तरारतें, आणि इतर सर्व फुलें संपलीं म्हणजे हिंवाळ्यांत त्याच्या माळा करतात. प्लिनी इसवी सन ७९ मध्यें वारला. तेव्हां ही रीति दोन हजार वर्षांइतकी तरी जुनी समजावयाची. तें फूल आपल्या बागेंतील कोंबडा व रानांतील कुर्डू यांच्याच कुळांतील असावें.

आणि आपल्याकडे? अमरकोशांत ‘अम्लान’ या नांवाची एक वनस्पति दिलेली आहे. ‘न म्लान होणारा’ असाच त्या शब्दाचा अर्थ. टीकाकार ती कोरांटीच्या जातीची मानतात. शब्द निराळा, भूमि निराळी, वनस्पति निराळी. पण तीच वांच्छा! पुढें अमेरिका खंडांतून गोल बोंडासारखें जांभळें गुलमखमल आपल्या देशांत आलें. हें फूल कितीहि दिवस ठेविलें तरी रंग सोडीत नाहीं, हें पाहून तमिळ लोकांनीं त्याचें नांव ठेविलें ‘वाडामल्ली’, म्हणजे न कोमेजणारी मल्लिका. ग्रीकांना, अमरसिंहाला आणि तमिळ माळिणींना एकमेकांची ओळख असण्याचें कारण नाहीं. तरी तिघांनींहि फुलाला नांव देतांना एकच गोष्ट पाहिली.

परंतु ज्या गृहिणीला गुलाब आवडतो तिचें समाधान कोंबड्यानें कसें व्हावें? नाजूक फूल राखावयाचें तर कांहीं युक्तीच हवी. ती युक्ति वाळूची. सतराव्या शतकाच्या अगदीं आरंभीं लंडनमध्यें सर ह्यू प्लॅट या गृहस्थाचें स्त्रियांसाठीं लिहिलेलें एक छोटें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत मुरंबे आहेत, अत्तरें आहेत, मुखलेप आहेत. आणि गुलाबाच्या पाकळ्या सुरकुती न पडतां कशा सुकवाव्या याची कृतिहि आहे. गुलाब कळीच्या स्थितींत नसावा आणि पुरता फुललेलाहि नसावा. वाळू अनेक पाण्यांनीं धुऊन खडखडीत वाळवावी. उथळ पेटींत तिचा एक थर पसरून त्यावर एकेक पाकळी, एकीला दुसरी लागणार नाहीं अशी मांडावी. वरून पुन्हां वाळू चाळावी. आणि पेटी कडक उन्हांत ठेवावी. दोन कडक उन्हें पुरतात, असें तो सांगतो.

या कृतींत शास्त्र पुरें भरलेलें आहे. वाळूचे कण पाकळीला सर्व बाजूंनीं सारखा आधार देतात, म्हणून तिला लवण्यास जागा उरत नाहीं. उजेड आंत पोंचत नाहीं, म्हणून रंग राहतो. ऊब पोंचते, म्हणून ओल लौकर निघते. तिन्ही शत्रूंचा एकदमच बंदोबस्त ! प्लॅटनंतर तीनशें वर्षांनीं, १९१९ सालीं, अमेरिकेंतील वॉल्टर पॅट्रिक या रसायनशास्त्रज्ञानें सिलिका जेल नांवाचा पाणी शोषून घेणारा पदार्थ करण्याच्या पद्धतीचें पेटंट मिळविलें, आणि पुढें हौशी लोक फुलें सुकविण्यास त्याचे दाणे वापरूं लागले. पण साधन पालटलें तरी तत्त्व तेंच राहिलें : फुलाला आधार द्यावयाचा आणि त्याची ओल काढून घ्यावयाची.

प्लॅटच्याहि पूर्वीं, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, इटलींत आणखी एक घटना घडली. तिचा डौल कांहींच नव्हता. परिणाम मात्र फार मोठा झाला. बोलोन्या व पिसा येथें वनस्पतिविद्या शिकविणारा लूका गिनी हा वैद्य ओल्या झाडपाल्याला कागदांत दाबून सुकवूं लागला व तो कागदावर चिकटवूं लागला. वैद्याला औषधी वनस्पति वर्षभर ओळखतां आली पाहिजे; पण हिंवाळ्यांत त्या देशीं बाग ओसाड पडते. तेव्हां ही ‘कोरडी बाग’ हिंवाळ्यांतील पाठ देण्यासाठीं जन्माला आली. गिनीचा स्वतःचा संग्रह आज उरलेला नाहीं. पण त्याच्या शिष्यांनीं ती रीति युरोपभर नेली. त्याचा शिष्य चेझाल्पीनो यानें १५६३ सालीं सिद्ध केलेला साडेसातशेंहून अधिक वनस्पतींचा संग्रह फ्लॉरेन्स येथें अद्यापि सुरक्षित आहे. पुढें स्वीडनच्या लिनियसनें हे कागद पुस्तकांत न बांधतां सुटे ठेवण्याचा परिपाठ पाळला. त्यामुळें नवें पान हवें तेथें घालतां येऊं लागलें. त्याच्या मृत्यूनंतर १७८४ सालीं त्याचा सारा संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज तरुणानें विकत घेतला. त्यांत सुमारें चौदा हजार सुकलेल्या वनस्पति होत्या.

फूलदाणींतील फूल आणि या कागदावरील फूल यांत भेद कोणता? कागदावरील फूल सुंदर दिसत नाहीं. तें चपटें होतें, तपकिरी होतें. परंतु त्याच्याखालीं तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : नांव काय, कोठें सांपडलें, कोणत्या दिवशीं. तुतानखामेनच्या माळेनें अजाणतां जें केलें तें येथें माणूस जाणून करूं लागला.

ही विद्या शाळांतून शिरली आणि मुलींच्या हातीं गेली. अमेरिकेंतील ॲमर्स्ट गांवीं एमिली डिकिन्सन या मुलीनें वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास अशीच एक वही केली. तिच्या सहासष्ट पानांवर चारशें चोवीस फुलें आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळांखालीं तिच्या नीटस अक्षरांत शास्त्रीय नांवाची चिठ्ठी आहे. ही मुलगी पुढें तिच्या देशाच्या थोर कवींत गणली गेली. पण हयातींत तिच्या कविता फारच थोड्या छापल्या गेल्या, आणि पुढील आयुष्यांत ती घराबाहेर क्वचितच पडे. १८८६ सालीं ती वारली. हार्वर्ड विद्यापीठानें ती वही आज इतक्या जपून ठेविली आहे, कीं मूळ पानें सहसा कोणाच्या हातीं दिलीं जात नाहींत. शाळकरी मुलीच्या हातचीं तीं फुलें तिच्या घराभोंवतालच्या रानाची आणि तिच्या एकाग्रतेची साक्ष देत आहेत.

आतां त्या अमरपुष्पांकडे वळूं. १८०३ सालीं पॅरिसजवळच्या माल्मेझों येथील जोसेफिनच्या बागेचें वर्णन करणारा जो सचित्र ग्रंथ निघूं लागला, त्यांत ऑस्ट्रेलियांतून आलेल्या एका फुलाचें वर्णन आहे. सोनेरी, चकाकणाऱ्या, हातांत धरल्यास कागदासारख्या वाजणाऱ्या खवल्यांचें हें फूल हौशी बागांतून लौकरच लोकप्रिय झालें. पण फ्रान्समध्यें खरा व्यापार झाला तो भूमध्य-समुद्राकांठच्या दुसऱ्या एका पिवळ्या जातीचा. सुमारें १८१५ पासून प्रोव्हान्स प्रांतांतील ओलियूल, बांदोल या गांवांच्या दगडाळ उतारांवर तिची लागवड होऊं लागली. तुरे पुरते उमलण्यापूर्वींच तोडावे, जुड्या बांधून सुकवावे, आणि पॅरिसला धाडावे. तेथें त्यांचीं वर्तुळाकार कडीं होत. पेर ला शेजच्या प्रसिद्ध स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशीं कडीं विकणारीं दुकानेंच दुकानें असत, आणि नोव्हेंबरच्या आरंभींच्या मृतांच्या सणाला हीं पिवळीं कडीं थडग्याथडग्यावर दिसत. फ्रेंच भाषेंत या फुलाचें नांव ‘इमॉर्तेल’, म्हणजे अमर. मर्त्य माणसाच्या थडग्यावर अमर नांवाचें मेलेलें फूल, यांतील करुणा तें वाहणाऱ्या विधवांना व मातांना ठाऊक नसेल असें म्हणवत नाहीं. तें फूल मृत्यु नाकारीत नव्हतें. स्मरणाची मुदत तेवढी वाढवीत होतें.

परंतु लौकरच सुकलेलें फूल स्मशानांतून दिवाणखान्यांत आलें, आणि येथें या इतिहासाला निराळें वळण लागलें. व्हिएन्ना नगरींत हान्स माकार्ट नांवाचा चित्रकार होता. १८४० सालीं साल्झबुर्ग येथें जन्मलेला हा मनुष्य १८६९ सालीं सम्राटाच्या आश्रयास आला, आणि दहा वर्षांत त्या राजधानीच्या अभिरुचीचा जणूं अनभिषिक्त राजा झाला. १८७९ सालीं सम्राट फ्रान्झ योझेफ व सम्राज्ञी एलिझाबेथ यांच्या विवाहाच्या पंचविसाव्या वाढदिवशीं निघालेली भव्य मिरवणूक त्यानेंच सजविली. त्याची चित्रशाळा पाहण्यास लोकांची रीघ लागे. तेथें गालिचे होते, चिलखतें होतीं, कोरीव पेट्या होत्या. आणि कोपऱ्याकोपऱ्यांतून उंच कलशांत ताडाचीं वाळलेलीं पानें, बोरू, पांपस गवताचे पांढरे तुरे, मोरपिसें व सुकलेलीं फुलें यांचे प्रचंड गुच्छ उभे होते. लोकांनीं तेंच उचललें. ‘माकार्ट-गुच्छ’ हें नांव रूढ झालें, आणि जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशांतील प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या दिवाणखान्यांत असा गुच्छ नसणें म्हणजे उणेपणा ठरूं लागलें.

या गुच्छाचा मोह समजण्यासारखा आहे. शहरांतील घरांत बाग नाहीं, हिंवाळा लांब, खिडक्यांवर जड पडदे, अशा जागीं ताजें फूल दोन दिवस टिकत नाहीं. सुकलेला गुच्छ मात्र पाणी मागत नाहीं, ऊन मागत नाहीं, आणि वर्षानुवर्षें तसाच उभा राहतो. पण हीच त्याची खोड ठरली ! जें बदलत नाहीं त्याकडे पाहण्याचें माणूस हळूहळू सोडून देतो. मग तेथें धूळ सांचते. १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं क्षयरोगाचा जंतु शोधून काढला. घरांतील धुळीकडे लोक भयानें पाहूं लागले. आरोग्यशास्त्राचे पुरस्कर्ते जड पडदे व धूळ धरणारें सामान काढून टाका म्हणूं लागले. १८८४ सालीं माकार्ट अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं वारला. पुढल्याच वर्षीं त्याच्या चित्रशाळेंतील वस्तूंचा लिलांव झाला. नव्या शतकाबरोबर मोकळ्या भिंतींची व साध्या आकृतींची आवड आली, आणि माकार्ट-गुच्छ हा शब्द थट्टेचा विषय होऊन बसला. सुकलेल्या गुच्छांची आवड त्यानंतरहि पुनःपुन्हां आली आणि गेली. पण त्या पहिल्या डामडौलाची धूळ त्या नांवावरून कधींच पुसली गेली नाहीं.

श्रोतेहो, या सर्व खटाटोपांत आपण कोठें होतों, असा प्रश्न आपल्या मनांत आला असेल. आपल्याकडे बारा महिने कांहीं ना कांहीं फुलतें. शिवाय आपल्या घरांत फूल येतें तें प्रायः देवासाठीं अथवा वेणीसाठीं. देवाला वाहिलेलें फूल दुसऱ्या दिवशीं निर्माल्य होतें. तें पायदळीं येऊं नये म्हणून वाहत्या पाण्यांत किंवा झाडाच्या बुंध्याशीं सोडावयाचें, अशी रीत. वाळलेलें फूल शोभेसाठीं ठेवणें आपल्या मनाला म्हणूनच सहजासहजीं रुचत नाहीं. पण याचा अर्थ आपण कांहींच राखलें नाहीं असा नव्हे. युरोपनें मुख्यतः फुलाचा आकार राखला. आपण त्याचा गंध राखला. त्यांच्याकडेहि कपड्यांत लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या असत, हें खरें. पण आपल्याकडे बकुळीची गोष्टच निराळी. बकुळीचें फूल वाळून तपकिरी होतें, आकसतें, आणि तरी त्याचा वास जात नाहीं. आजीच्या पेटींत लुगड्याच्या घडींतून निघालेली बकुळीची वाळकी माळ ज्यानें हातीं घेतली आहे त्याला सुकलेलें फूल म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. केवड्याचें पान घडींत ठेवण्याची, कोंकणांतील सुरंगीचे वळेसर सुकल्यावरहि जपून ठेवण्याची रीत याच जातीची.

आणि निव्वळ आकार राखल्याचेंहि एक उदाहरण आपल्याच दारावर टांगलेलें असतें. नवान्न पौर्णिमेला कोंकणांत ‘नवें’ बांधतात. नव्या भाताच्या लोंब्या, नाचणीचें कणीस, आंब्याचें पान, झेंडूचें फूल आणि कुर्डूचा तुरा अशी ती जुडी असते. ती दाराला बांधली म्हणजे तेथेंच वाळते, आणि पुढील वर्षाचें नवें येईपर्यंत राहते. हा आपला सुकलेला पुष्पगुच्छच नव्हे काय? विशेष हें, कीं त्यांतील कुर्डू हें प्लिनीच्या त्या न कोमेजणाऱ्या फुलाचें सगोत्र. पण आपल्या या गुच्छाला वर्षाची मुदत आहे. नवें आलें, कीं जुनें उतरावयाचें. म्हणून त्यावर माकार्टच्या गुच्छासारखी विस्मृतीची धूळ बसत नाहीं.

कागदांत दाबलेल्या फुलाचीहि परंपरा आपल्या प्रांतांत रुजली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयांत १९०६ सालीं एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस धर्मोपदेशकांनीं जो वनस्पतिसंग्रह सुरू केला, तो आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. अशा संग्रहांचें मोल काय, तें एका गवताच्या कथेवरून कळेल. १९१९ सालीं सेजविक व बेल या दोघां अधिकाऱ्यांनीं गिरसप्प्याच्या धबधब्याच्या तुषारांत वाढलेलें एक नाजूक गवत तोडून, दाबून, सुकवून ठेविलें. त्यावरून पुढें तीसएक वर्षांनीं बोर या शास्त्रज्ञानें ती जात नवी असल्याचें ओळखलें आणि तिला ‘हबर्डिया’ हें नांव दिलें. १९६४ सालीं शरावतीवर लिंगनमक्कीचें धरण पुरें झालें, धबधब्याचें पाणी उणावलें. आणि त्या जागीं तें गवत पुन्हां कोणास सांपडेना. तें जगांतून नाहींसें झालें असें धरून चालले. वाळक्या काड्या तेवढ्या कागदावर राहिल्या. परंतु त्या काड्या होत्या, त्यांवर नांव व स्थळ होतें, म्हणूनच २००२ सालच्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यांतील तिळारीच्या परिसरांत ओलसर कड्यावर एक गवत दिसतांच अभ्यासकांना तें ओळखतां आलें. मेलेल्या काडीनें जिवंत गवताची ओळख पटवून दिली !

ज्या भगिनींना आपल्या बागेंतील फुलें राखावीशीं वाटतात त्यांना या इतिहासांतून दोन शब्द सांगतां येतील. पावसाळ्यांत हा उद्योग करूं नये. हवेंतील ओल तो सिद्धीस जाऊं देत नाहीं. मार्गशीर्षापासून माघापर्यंतची कोरडी थंडी, विशेषतः देशावरची, यास उत्तम. कोंबडा, कुर्डू, गुलमखमल यांच्या जुड्या बांधून अंधाऱ्या हवेशीर खोलींत उलट्या टांगाव्या. गुलाब, शेवंती, झेंडू यांना धुतलेल्या बारीक वाळूचा डबा द्यावा, आणि फुलें दंव उतरल्यावर, अंगावर पाण्याचा थेंब नसतांना तोडावीं. आणि एक गोष्ट ह्यू प्लॅटनें सांगितलेली नाहीं ती करावी : गुच्छाला एक चिठ्ठी बांधावी. फूल कोणतें, कोणत्या बागेंतलें, कोणत्या दिवशींचें, कोणी तोडलेलें, एवढेंच तीवर लिहावें. वर्ष उलटलें, कीं गुच्छ उतरवावा. चिठ्ठी मात्र ठेवावी.

कारण हा सारा इतिहास पाहिल्यावर एकच गोष्ट ठळकपणें नजरेस येते. फूल कोमेजलेंच नाहीं असा देखावा करण्यासाठीं जीं सुकविलीं गेलीं त्यांवर धूळ बसली, आणि तीं केरांत गेलीं. फूल कोमेजणार हें मान्य करून, तें कोणाचें, कोठलें, केव्हांचें हें ज्यांनीं त्याच्याबरोबर जपलें, त्यांची माळ राहिली. मग ती राजाच्या कपाळावरची असो, शाळकरी मुलीच्या वहींतली असो, कीं आजीच्या पेटींतली असो. देवांच्या न सुकणाऱ्या माळेला अशी आठवण चिकटत नाहीं. ती आज जशी तशीच उद्यां. आठवण चिकटते ती सुकणाऱ्या माळेलाच.

भर मंडपांत दमयंतीपुढें चार टवटवीत माळा होत्या आणि एक कोमेजूं लागलेली. तिनें कोणती निवडली, तें आपणांस ठाऊकच आहे.